बारा पुरचुंड्यांचा भात

भोरची एस.टी. स्वारगेटहून सुटली तेव्हा माझ्या मांडीवर माझा जुना प्रबंध होता आणि मनात भांडण. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गुडघे बदललेल्या बाईने एकटीने एस.टी.ने जावं का, यावर घरात दोन दिवस परिसंवाद झडला होता. सून म्हणाली, "आई, फोनवरच भांडा की." पण काही भांडणं समोरासमोरच करायची असतात. त्याशिवाय चव येत नाही.

भांडण होतं सायली नावाच्या मुलीशी. ती भोरच्या एका महाविद्यालयात शिकवते, शेजारच्या उत्रोलीत राहते आणि वेल्ह्याकडच्या जुन्या भातांवर पीएच.डी. करू पाहते. 'करू पाहते' अशासाठी की तिच्या वाटेत मी आडवी पडले होते. सेहेचाळीस वर्षांपूर्वी मी याच भागातली बारा गावं हिंडले, बारा नावांच्या भातांचे नमुने आणले आणि प्रबंधात ठणकावून लिहिलं: नावं बारा, पण भात एकच. गावागणिक नाव बदलतं, दाणा बदलत नाही. सायलीच्या मार्गदर्शकांनी नेमकं हेच पान तिच्यापुढे ठेवलं. "तिथे वेगळे वाण नव्हतेच, हे आधीच सिद्ध झालंय. सोमवारपर्यंत दुसरा विषय आणा." तेव्हा तिने मला फोन केला. अगदी अदबीने म्हणाली, "मॅडम, मला एका वाडीवर तीन वेगळे भात मिळालेत. तुमची काही चूक तर झाली नसेल?"

माझी चूक! मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

वरवे मागे पडलं. पूर्वी इथे रस्त्याला खेटून शेतं होती, आता मधून मधून पत्र्याच्या शेड दिसतात. कापूरव्होळला गाडी भोरकडे वळली आणि खिडकीतून गवताचा, ओल्या मातीचा वास आला. त्या वासाबरोबर सेहेचाळीस वर्षांपूर्वीची ती पोरगी आठवली, म्हणजे मीच. कॅनव्हासचे बूट, चेहऱ्यापेक्षा मोठा गॉगल, खांद्याला शबनम आणि त्यात तीन रंगांची पेनं. पुण्याच्या पेठेत वाढलेली. तांदूळ डब्यात असतो, एवढीच तिची त्याच्याशी ओळख. भाताला लोंबी येते की शेंग, यावर ती तासभर बोलू शकली असती, फक्त उत्तर सांगू शकली नसती. पण वही इतकी नीटनेटकी की बघणाऱ्याला वाटावं, केवढी हुशार आहे! बघणाऱ्यांत ती स्वतः सगळ्यांत पुढे.

भोरच्या स्टँडवर सायली न्यायला आली होती. वाकून नमस्कार केला, त्यामुळे भांडणाची सुरुवात बिघडली. आम्ही चहा घेतला. चहावाल्याने बाकावरचा जाडजूड ग्रंथ पाहिला.

"आजी, पोथी हाय का?"

"पोथीच. पण पारायण कुणीच केलं नाही."

"म्या केलंय," सायली हळूच म्हणाली. मग जीभ चावून, "मी केलंय. चार वेळा." घरातली बोली तोंडातून निसटली की ही पोरगी लाजते. मला ती तिथेच आवडली. आवडली म्हणून पाठ थोपटायला हात उचलला आणि कप कलंडला. चहा थेट तिसऱ्या प्रकरणावर, म्हणजे 'निष्कर्षां'वर. तिने पुसलं तरी त्या पानावर डाग राहिला आणि मला उगाच अपशकुन झाल्यासारखं वाटलं.

तिच्या छोट्या गाडीतून परत नसरापूरला आलो आणि वेल्ह्याची वाट धरली. वळणावर तोरणा दिसला. तो काही म्हातारा झालेला नाही. खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं) कापून मोकळी झाली होती, पेंढ्याच्या गंजी उभ्या होत्या. पूर्वी इथून पुढे चालत जावं लागे. आता वाडीच्या खालपर्यंत रस्ता आहे, वर चढायला मात्र पायच. मी दर वीस पावलांना थांबून निसर्ग पाहत होते. सायली समजूतदार, तीही पाहत होती.

"कुणाच्या घरी सापडले तुझे भात?" मी विचारलं.

"हौसाबाईंच्या."

मी थांबलेच. यावेळी निसर्गासाठी नाही.

कारण त्या वर्षी माझा मुक्काम हौसाबाईंच्याच घरी होता. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, नवी सून, हसायला लागली की पदर तोंडात कोंबणारी. बारा गावं फिरून मी जमवलेल्या भाताच्या बारा पुरचुंड्या तिच्याच ओटीवर खुंटीला टांगल्या होत्या. प्रत्येकीत दोन-तीन मुठी भात, प्रत्येकीला दुहेरी गाठ आणि नावाची चिठ्ठी. मी सगळ्या घराला बजावलं होतं, हात लावायचा नाही, हे शास्त्र आहे. त्या गाठींचा मला इतका अभिमान की थेट प्रयोगशाळेतच सोडल्या.

घराला आता सिमेंटचा ओटा आहे. हौसाबाई उन्हात बसून सुपात वाल निवडत होती. केस पांढरे, पाठ वाकलेली. कपाळावर हात आडवा धरून तिने मला न्याहाळलं.

"बाई! शास्तरवाल्या बाई! आवं, गॉगल कुठं टाकला?"

आणि पदर तोंडात.

 ती माझे गुडघे चाचपत होती, मी तिचे हात. तिच्या सुनेने चुलीवरची भाकरी, वालाचं कालवण आणि वाफाळता पांढरा भात वाढला. झाकण काढताच घमघमाट सुटला. मी प्रबंध बाजूला ठेवला, पण मुद्दा सोडला नाही.

"हौसावहिनी, या पोरीला सांगा. या भागात सगळा एकच भात होता ना?"

तिने उचललेला घास ताटात ठेवला.

"कोन म्हन्तं?"

"मी म्हणते. पुस्तकात लिहिलंय."

"आगं आई!" ती म्हणाली. "तुमी ते लिवलं व्हय?"

मग तिने जे सांगितलं ते तिच्याच तोंडून ऐकावं असं होतं.

"तुमचं सर आलं व्हतं, आठवतंय? सांगावा न्हाई, काय न्हाई. सोबत आनखी एक मानूस. तुमी त्यास्नी घिऊन डोंगर दावायला ग्येला. शिमग्याचं दिस. घरात निसती नाचनी. कनगी (भात साठवायची बांबूची उंच टोपली) लिंपल्याली, आत बियानं. पेरन्याआदी कशी फोडायची? शेजारपाजार समदा देवीच्या जत्रंला. सासू म्हनली, मास्तर दारात आला आन् त्येला नाचनी वाढायची? खुटीवर काय टांगलंय ते काड."

सायलीचा हात भाकरीवरच राहिला. माझा तोंडाशी.

"बारा की बारा?" मी विचारलं.

"पाच मान्सं जेवली, बाई. येकीत भागतंय का? सासूनं आन् म्या उखळात कांडला, पाखडला, शिजिवला. सांजच्याला शेजारीन जत्रंवनं आली, तिच्याकडनं जाडा भात मागून घ्येतला आन् तुमच्या समद्या फडक्यात भरला. गाठी मारताना लई रडाया आलं. तुमच्यावानी दोन गाठी जमंनात."

मी बारा वेळा एकाच शेजारणीचा भात तपासला होता! नावं बारा, भात एकच. परीक्षकांनी 'धाडसी निष्कर्ष' म्हणून पाठ थोपटली होती. बारीक दाण्याच्या भाताची चिठ्ठी आणि आत जाडा भात, हे कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराने लांबून सांगितलं असतं. मला ना बदललेली गाठ दिसली, ना दाणा, कारण मी चिठ्ठ्या वाचत होते. दाण्याकडे बघायचं राहूनच गेलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी हात लावू नगा म्हनला व्हता. आन् तुमी इंग्रजीत रागवायच्या."

तेही खरं होतं.

मला हसू येत होतं. सायलीने मात्र संशोधकाला शोभेल असा प्रश्न केला, जो मी उभ्या आयुष्यात या घरात केला नव्हता. "मग आजी, तुमच्याकडचे हे तीन भात आले कुठून?"

हौसाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हे विचारायचं असतं का.

"भांडं समदं रिकामं करत्यात का कुटं? येक मूठ मागं ठेवायची असती. परत्येक फडक्यातली येक येक मूठ सासूनं मडक्यात टाकली. मिरगाला वरल्या खाचरात पेरली, तवाधरनं लावत आलोय. काय काय मेलं, काय काय ऱ्हायलं. 'बाईंचं खाचर' म्हन्त्यात त्येला."

माझ्या नावाचं एक खाचर वेल्ह्याच्या डोंगरात सेहेचाळीस वर्षं पिकतंय आणि मी पुण्यात सेवानिवृत्तीचं मानपत्र पुसत बसले होते.

सायली मला धरून वर घेऊन गेली. एवढंसं, बाज टाकावी तेवढं खाचर. कापणी झालेली, नुसती धसकटं. बांधावर तिने हौसाबाईच्या घरून रुमालात बांधून आणलेल्या लोंब्या एकेक करून माझ्या तळहातावर ठेवल्या. एक बारीक दाण्याची. एकीला काळी कुसळं. एक तांबूस, लांबट. मी गॉगल नाही, चष्मा लावला. या खेपेला चिठ्ठी नव्हती, त्यामुळे नीट दिसलं.

"मॅडम, सर मानतील?" तिने विचारलं. "मला दुसरा विषय नकोय."

तिथेच बांधावर बसून मी प्रबंधाचं चहाने भिजलेलं पान उघडलं. तीन रंगांच्या पेनांपैकी आता एकच उरलंय. निष्कर्षाखाली लिहिलं: 'शुद्धिपत्र. या प्रबंधातील सर्व नमुने संशोधिका, तिचे मार्गदर्शक आणि यजमान कुटुंब यांनी भोजनात ग्रहण केले. सबब, निष्कर्ष ग्राह्य धरू नये.' खाली तारीख, सही. माझे सर आता हयात नाहीत, नाहीतर त्यांचीही सही घेतली असती. त्यांनी दोनदा भात मागून घेतला होता. प्रबंध सायलीच्या हातात दिला. "सोमवारी तुझ्या सरांसमोर हेच पान उघड. शंका असली तर मला फोन करायला सांग. मी इंग्रजीत रागवेन."

परतीच्या एस.टी.त मांडी हलकी होती. प्रबंधाच्या जागी हौसाबाईने बांधून दिलेली तांदळाची पुरचुंडी होती, एकाच गाठीची. घरी आल्यावर माळ्यावरून त्या वर्षीची रोजनिशी काढली. शिमग्याच्या आठवड्यातलं ते पान सापडलं. सर आल्याचं वर्णन दीड पान. शेवटी, तिसऱ्या रंगाच्या पेनाने, एक ओळ:

'जेवणातला भात अप्रतिम, असा आजवर खाल्ला नाही. कोणता, ते विचारायचे राहिले.'