दिगूचं भरती-सुकतीचं पान

हौसाचा फोन आला तेव्हा मी नांदगावला, एका जुन्या विद्यार्थिनीच्या लेकीच्या लग्नात, पहिल्या पंगतीला बसले होते. हौसा म्हणजे आमच्या वाडीतल्या, खाडीत उतरून तिसऱ्या, कालवं असल्या शिंपल्या काढणाऱ्या बायकांची म्होरकी. ती बोलायला लागली की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकतात. त्या दिवशी मात्र ती इतकी हळू बोलली, की मला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं. “बाई, तुमी घराक येवा. मिळात ती गाडी धरा.” मी म्हटलं, “दिगूक फोन दी बघू.” “गाडी धरा,” एवढंच ती पुन्हा म्हणाली. पस्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. समोरचं माणूस प्रश्न कधी टाळतं आणि का, हे मला चांगलं कळतं. भरल्या ताटावरून उठले. कसालला गाडी बदलून मालवणला घरी पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले होते. माझा धाकटा भाऊ दिगंबर, आमचा दिगू, ओटीवर झोपवलेला होता. सकाळी बाजारातून बांगडे घेऊन आला, पिशवी खाली ठेवून खुर्चीत बसला आणि बसल्या जागी गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान; त्याला मी कडेवर घेऊन शाळेत नेलेलं आहे. आधी जायचा नंबर माझा होता, आणि या बाबतीत त्याने केलेली घाई मला अजूनही पटलेली नाही.

दिगूबद्दल सांगायचं तर आधी आमच्या बाबांबद्दल आणि पाण्याबद्दल सांगायला हवं. बाबा तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, पण वाडीत त्यांचा मान होता तो वेगळ्याच कारणाने. खाडीचं पाणी कधी भरणार आणि कधी सुकणार, हे लोक त्यांना विचारत. पद्धत तशी साधी आहे. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची की भरतीचा तास येतो, आणि तिथून सहा तासांवर सुकती, म्हणजे पुरती ओहोटी. पण समुद्रावर एक वेळ आणि आमच्या खाडीत, वळणापलीकडे, दुसरी. तो फरक बाबांच्या डोक्यात होता. सकाळी अंगणात येऊन कुणी हाक मारायचं, “पाणी कधी सुकतला ओ?” आणि बाबा दात घासता घासता बोटांनी वेळ सांगायचे. बाबांची नजर गेली तेव्हा दिगू नुकताच बारावी झाला होता. त्याने कॉलेजचा नाद सोडला, होडी घेतली आणि होडीबरोबर तो प्रश्नही त्याच्याकडे आला. पंचवीसेक वर्षं लोक त्याला विचारत राहिले. लग्न त्याने केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी माहेरी आले आणि आम्ही दोघं एकमेकांच्या खोड्या काढत सुखात राहत होतो.

दोन हजार पाचच्या नारळी पौर्णिमेनंतरची गोष्ट. जाळं ओढताना दोराचा पीळ त्याच्या उजव्या हाताभोवती पडला आणि दोन बोटं गेली. जीव वाचला म्हणून मी देवाला नारळ दिला. पण हाताला पकड राहिली नाही आणि होडी विकावी लागली. त्याहून वाईट असं काही झालं, जे मला पुष्कळ उशिरा कळलं. लोकांनी त्याला पाणी विचारायचं सोडलं. कुणी मुद्दाम नव्हे हो! जो पाण्यात जात नाही त्याला पाण्याचं काय विचारायचं, एवढाच साधा हिशोब. आणि सगळे त्याच्याशी मऊ बोलायला लागले. हौसासारखी तोंडाळ बाईसुद्धा त्याच्यासमोर लेकीसुनांसारखी बोलायची. दिगू सकाळी ओटीवर बसायचा, बायका टोपल्या घेऊन फाटकावरून जायच्या, हसायच्या आणि पुढे जायच्या. तो त्यांच्याकडे बघत बसलेला मला आठवतो. मी आतून म्हणायची, “चाय निवली मरे तुझी,” आणि त्याला ऐकू जायचं नाही.

अशात एक दिवस तो बाजारातल्या सायबर कॅफेतून एक छापील कागद घेऊन आला. बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी, वेब डेव्हलपमेंटची. धडे इंटरनेटवर, परीक्षा कोल्हापूरच्या केंद्रावर. मला वाटलं थट्टा करतोय. चव्वेचाळीस वर्षांचा तांडेल, हातांना आठ बोटं, इंग्रजी म्हणजे इंजिनच्या डब्यावर छापलेलं तेवढं. मी हसले. चांगली खदाखदा हसले, खोटं कशाला सांगू! तो म्हणाला, “बाय, तू इतक्या पोरांक शिकवलंस, माका एकट्याक नको म्हणतंस?” मी कपाटातला शब्दकोश काढून त्याच्या पुढ्यात आदळला.

मग सुरू झाली आमच्या घराची वेगळीच शाळा. जुना कॉम्प्युटर आला, तो देवघराच्या भिंतीला, कारण सॉकेट तिथेच. घरी फोनच्या लाइनवर नेट घेतलं, ते मे महिन्याअखेरपर्यंत धड चालायचं आणि पावसाळा लागला की लाइन मरायची. मग दिगू छत्री घेऊन कॅफेत जायचा, धडे पेनड्राइव्हवर भरून आणायचा आणि वीज असेल तेवढा वेळ वाचायचा. नसेल तेव्हा वहीत. हो, वहीत! कॉम्प्युटरचा कोड तो दुरेघी वहीत पेनने लिहायचा, माझ्या पहिलीच्या पोरांसारखा जीभ बाहेर काढून. वीज आली की त्यातलं टाइप करून बघायचा. कुठलीशी चौकट निळी होण्याऐवजी सगळं पानच निळं झालं, म्हणून त्याने एकदा मला स्वयंपाकघरातून ओढत नेलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण इंग्रजी वाक्य फोडून सांगायला मी होते. रागावायलाही मीच. पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाला तेव्हा मी त्याला सोडून दे म्हणाले. त्याने पुन्हा फॉर्म भरला.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता, एक पूर्ण वेबसाइट. बाकीचे विद्यार्थी म्हणे दुकानांच्या आणि हॉटेलांच्या साइट करत होते. दिगूने ठरवलं, भरती-सुकतीचं पान करायचं. आजची तारीख आली की पानाने स्वतः तिथी शोधायची, पाऊणपट करायची, आमच्या खाडीचा फरक धरायचा आणि मोठ्या अक्षरांत सांगायचं: आज पाणी कधी सुकणार. तिथी आम्ही दोघांनी मिळून घातल्या. मी पंचांग घेऊन बसायची आणि तारखेवार वाचायची, तो टाइप करायचा. रोज सकाळी एकेक महिना. तृतीया, चतुर्थी, पंचमी, सप्तमी... निवृत्तीनंतर शुद्धलेखन घालायला पुन्हा एक विद्यार्थी मिळाला, याचा मला भारी आनंद झाला होता.

पान तयार झालं. आता ते बघणार कोण? कालवंवाल्या बायकांच्या घरी कॉम्प्युटर कुठला! पण तोवर प्रत्येकीच्या कमरेला मोबाइल आला होता. दिगूने लाजतलाजत हौसाला सांगितलं, पाणी विचारायचं असेल तर फोन कर, मी बघून सांगतो. तिने केला, मला वाटतं, आधी दयेपोटीच केला असावा. मग दुसरीचा आला. महिनाभरात सकाळी पाच-सहा फोन येऊ लागले. गंमत अशी, की वेळ दिगूला तोंडपाठ असायची. तरी तो उठून कॉम्प्युटरपाशी जायचा, पान उघडायचा आणि त्यातूनच वाचून दाखवायचा. मी चिडवायची, “तोंडाक काय कुलूप लावलंस?” तर म्हणायचा, “आता मी नाय सांगणंय गो. पान सांगता.” परीक्षकांनाही ते पान आवडलं. चांगले गुण मिळाल्याची मेल आली, आता पदवी येणार म्हणून मी नारळाच्या रसातले गोड शिरवाळे केले.

त्यानंतर आठवड्याभरात हौसा आणि आणखी तिघी, कमरेपर्यंत भिजलेल्या, चिखलाच्या पायांनी आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. “काय रे दिगू, आमका बुडवन मारूचा ठरवलंस की काय? थयसर पाणी चढाक लागला आणि तुझो कंप्युटर म्हणता अजून सुकाचा आसा! टोपली व्हावान गेली माझी!” पुढचं छापण्यासारखं नाही. पाव तास चौघी आळीपाळीने त्याचा उद्धार करत होत्या. मी पदर खोचून बाहेर पडणार, तोच माझं लक्ष दिगूकडे गेलं. तो हसत होता. बायका गेल्यावर आत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. “बाय... त्येंनी माका शिये घातल्यानी गो,” म्हणाला. “पैल्यासारखे.” चार वर्षांत त्याला कुणी शिवी दिली नव्हती, हे मला तेव्हा उमगलं. आणि माझ्यासारख्या शहाण्या बाईला ते उमगायला हौसाचे चिखलाचे पाय अंगणात यावे लागले, याचं मला वाईट वाटलं.

चूक कुठे झाली, ते त्याला पंचांग उघडताच सापडलं. त्या पंधरवड्यात षष्ठीचा क्षय होता. पंचमीनंतर एकदम सप्तमी. तिथी उडी मारते, पण पाणी उडी मारत नाही. ते आपलं रोजच्याएवढंच पुढे सरकतं. बाबा अशा दिवशी पाऊणपट सोडून देत आणि धक्क्याच्या खांबावरची कालची ओल बघून वेळ सांगत. दिगूही पंचवीस वर्षं तेच करत होता. मग पानात ते घालायचं कसं विसरला? तो म्हणाला, बाबांकडून हिशोब तेवढा शिकलो असं वाटत होतं, खांब बघणंही शिकलोय हे ध्यानातच आलं नाही. आणि मी? पंचमी, सप्तमी असं खणखणीत वाचणारी मीच होते. त्याच बापाची लेक, पण मलाही खांब आठवला नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला लाज वाटते. दिगू म्हणाला, विद्यापीठाला कळवतो, प्रकल्प चुकलेला आहे, दुरुस्त करून पुन्हा देतो. म्हणजे सहा महिने पदवी लांबणार. दुसऱ्या वेळी काय गुण पडतील, काय सांगावं. मी भडकले. म्हटलं, परीक्षकाला दिसलं नाही, गुण मिळाले, गप्प बस. आयुष्यभर पोरांना ‘कॉपी करू नका’ म्हणून छड्या मारलेली मी, भावाला म्हटलं, गप्प बस! तो शांतपणे म्हणाला, “परीक्षक थोडोच उतरता खाडीत? बायका उतरतत.” आणि मेल लिहायला बसला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मेलमधलं इंग्रजी तपासायला त्याने मलाच बोलावलं, तेव्हा गेले.

पुन्हा दिलेला प्रकल्प पास झाला, पहिल्यापेक्षा चार गुण कमी. पदवीचा कागद आला तो मी चौकटीत घालून घेतला. त्याने दाराआड लावला, भिंतीवर ओल येते म्हणून. नवं साल लागलं तेव्हा डिसेंबरपर्यंतच्या तिथी त्याने एकट्यानेच भरल्या, मला वाचायला बोलावलं नाही. “तुझो काय भरवसो नाय,” म्हणाला. त्यानंतर दीडच महिना तो होता.

त्याचा मोबाइल मी रोज चार्ज करत आले. का, ते मला विचारू नका. दिवसकार्य झालं, पाव्हणे गेले, घर नको इतकं मोठं वाटायला लागलं. तो फोन कॉम्प्युटरशेजारी पडलेला असायचा, आणि कधी वाजत नव्हता. बायका फाटकावरून जाताना खाली बघून जायच्या. मला दिगूचे ते जुने दिवस आठवायचे... मग गेल्या आठवड्यात सकाळी मी देवाला फुलं घालत असताना तो वाजला. हौसा होती. म्हणाली, “बाई, आता तुमकाच विचारतंय. पाणी कधी सुकतला?”

हात पुसून कॉम्प्युटर लावला. पान उघडलं. मोठी निळी अक्षरं रोज असतात, ती नव्हती. त्यांच्या जागी मी कधीही न पाहिलेल्या दोन-तीन ओळी होत्या. बाजूला पंचांगाकडे बघितलं आणि कळलं. त्या दिवशी तिथीचा क्षय होता. दुरुस्ती केली म्हणजे काय केलं, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. हौसा फोनवर थांबली होती. “काय झाला ओ बाई? गप कित्या?” मी चष्मा पुसला आणि पानावर होतं ते, जसंच्या तसं, तिला वाचून दाखवलं:

“आज तिथीचो क्षय आसा. आज माझो हिशोब कच्चो. कालची ओल खांबार बघा आणि मगच उतरा. टोपली व्हावली तर शिये घालूक घराकडे येवा. वाट बघतंय. दिगू.”

हौसाने दिगूला तिच्या त्या जुन्या, पलीकडच्या काठावर पोचणाऱ्या आवाजात एक सणसणीत मालवणी शिवी घातली. मग दुसरी. मग रडत रडत तिसरी. मी फोन कानाला धरून सगळ्या ऐकून घेतल्या.