शंतनूच्या मशीनवरचा झेंडू

अमेरिकेतल्या सांता क्लारात गॅरेज बांधतात ते गाडीसाठी. शंतनूची गाडी मात्र बारा महिने रस्त्यावर, आणि गॅरेजमध्ये त्याचे जुने कॉम्प्युटर. त्यातलं लाडकं म्हणजे दुधाळ चहाच्या रंगाचं, चाळिशी उलटलेलं एक धूड. त्याला कुणी भंगार म्हटलं की गडी खवळायचा.

“नुसत्या जुनेपणाला कोण विचारतंय! असली मशीनं बनलीच थोडी, त्यातली बहुतेक लोकांनी कचऱ्यात टाकली. आणि याचा तर स्क्रूसुद्धा कुणी फिरवलेला नाही. लहानपणी ज्यांना हे काचेतून नुसतं बघावं लागलं, ते आता शोधत फिरतात.”

शोधणाऱ्यांत हा पहिला, हे सांगायचं मात्र राहून जायचं.

त्या शनिवारी दुपारी जेराल्ड येणार होता. जुनी मशीनं जमवणाऱ्यांच्या क्लबचा म्होरक्या. त्याला पटलं, तर हे मशीन प्रदर्शनात ‘हात न लावलेल्यां’च्या रांगेत बसणार! शंतनूच्या सकाळपासून येरझाऱ्या चाललेल्या. आणि नेमकी खंडेनवमी. त्याची बायको आसावरी मिक्सर, लॅपटॉप, गाडी असं पुजत पुजत गॅरेजमध्येही जाऊन आली.

“आसावरी! याच्या डोक्यावर हळद?”

“मग? मिक्सरला लावायची आणि तुझ्या लाडक्याला नाही?”

ओल्या फडक्यानं हळद पसरली. मग साहेबांनी केस ब्लीच करायचं क्रीम थापून मशीन उन्हात ठेवलं आणि दर मिनिटाला उठून बघत बसले. हळद गेली. पण सोबत चाळीस वर्षांचा रंगही गेला, आणि चहावर पांढराशुभ्र चंद्र उगवला.

तेवढ्यात जेराल्डची गाडी वाजली. शंतनूनं मशीन आत नेलं आणि ताटातला झेंडू उचलून चंद्रावर ठेवला.

“फूल कशाला?” जेराल्डनं विचारलं.

“आज आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. फूल हलवायचं नसतं.”

जेराल्डनं लगेच टोपी काढली, हात मागे बांधले आणि चार पावलं लांबूनच वाकून बघू लागला. म्हाताऱ्याची ती अदब बघून शंतनूला आपल्या थापेचीच लाज वाटली. दारातून आसावरी एकटक बघत होती. तिचं हसू दाबलेलं.

शेवटी शंतनूनंच झेंडू उचलला.

जेराल्डनं त्या पांढऱ्या डागाशी नाक नेलं. मग म्हणाला, “क्रीम?”

“क्रीम.”

“त्या रांगेत नाही बसणार आता. पण चालू होतं ना? मग मुलांच्या टेबलावर ठेवू. तिथे सगळे बटणं दाबतात.”

“चिकट हातांनी?”

“मुलांचे हात दुसरे कसले असणार!”

शंतनूनं मशीनकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःसुद्धा त्यावर धड काही टाइप केलं नव्हतं. “न्या,” तो म्हणाला, आणि लगेच, “पुसायला फडकं घेऊन मी मागे उभा राहणार हं.”

“म्हणजे कामाला लागलं म्हणायचं!” आसावरी ताट घेऊन पुढे आली. “सरक, आता हळद नीट लावते.”

शंतनूचा हात अडवायला उठला, अर्ध्यावर थांबला, आणि मग त्यानं मशीन तिच्याकडे वळवून दिलं.