म्हशीचा काळा

२०२२ साल. माझं वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पुढं मास्तरांनाच दम निघाला नाही. पण आमच्या पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या मी रंगवल्यात, एका ब्रशावर. मग फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. उरली गल्लीतल्या गवळ्याची म्हस. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मालकाच्या हाकेमागं पळवायच्या, त्याला आम्ही सगर म्हणतो. त्या म्हशीच्या अंगावरची नक्षी दरवर्षी माझी.

त्या दिवाळीला पुण्याच्या लेकीनं रंगांची पेटी पाठवली. आत ब्रश इतके, की पुढाऱ्यामागं तेवढे कार्यकर्ते नसतील. रंगांत निळेच पाच, आणि एकाचीही आभाळाशी ओळख नाही.

सगराच्या आदल्या दुपारी पेटी घेऊन गोठ्यात बसलो. म्हशीच्या कुशीवर मोर काढला. मोराला सोनेरी दिला, सोनेरीला जांभळा, वर कमळ, कमळात सूर्य. समोर एवढे रंग असल्यावर हात थांबतोय कशाला? ओल्यावर ओला चढत गेला, सगळे एकमेकांत घुसले आणि शेणाचा रंग तयार झाला. शेण तर तिच्याकडं आधीच होतं.

गवळी पेंड घेऊन आला. "पेंटर, ह्यो मोर हाय व्हय? मला वाटलं म्हस लोळून आली."

"भारीतला रंग हाय त्यो!"

"असंल की. म्हस हितलीच हाय. सांजच्या धारंपतूर नीट कर, न्हाईतर फवारावाल्या पोराला बोलावतो. त्यो छापा ठेवून फुस्स करतोय, झालं काम."

भिंती गेल्या, शटरं गेली. ही म्हसही गेली असती, तर मी पेंटर कसला, नुसता म्हातारा.

चार बादल्या ओतून तिला धुतली. तिला काय, आंघोळ मिळाली. पेटी वैरणीवर फेकली. शिंगं रंगवायच्या पांढऱ्या रंगाचा डबा घेतला आणि खिशातला जुना ब्रश काढला. निम्मे केस गेलेला, माझ्यासारखाच. यावेळी मोराला हातच लावला नाही. त्याच्या भोवतीनं पांढरा भरत गेलो आणि मोराची जागा तशीच कोरी सोडली. काळा म्हशीनं दिला, फुकट आणि अस्सल.

धारेच्या वेळेला गवळी बादली घेऊन आला आणि उभाच राहिला. तेवढ्यात म्हशीवर माशी बसली. तिनं कातडं थरथरवलं, तसा मोरानं पिसारा झाडला.

"आयला! ह्यो काळा कुठला आणलास?"

"तुझ्याच म्हशीचा हाय. बघितलास कवा?"

त्यानं तिथनंच फोन लावला. "पोरा, नगं येऊस. आमची म्हस रंगली."

थोड्या वेळानं लेकीचा फोन. "बाबा, पेटी उपयोगी पडली का?"

"पडंल की."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतला सगळ्यात जाड, मऊ ब्रश काढला, गालांना साबणाचा फेस फासला, गुळगुळीत दाढी केली आणि सगरात म्हशीच्या मालकाच्याही पुढं जाऊन उभा राहिलो.