जैनुद्दीनचं डी मेजर
कोल्हारच्या आसपास लग्न म्हटलं की मच्छिंद्रचा बँड, आणि बँडच्या गाडीवर उभा राहून कीबोर्ड वाजवणारा जैनुद्दीन. अर्धं आयुष्य त्याने त्या हलत्या गाडीवर उभ्याने काढलं. आता गुडघे कुरकुरतात, घरी आल्यावरही कानात ढोल घुमत राहतो आणि वरातीतली मंडळी तेच गाणं चौथ्यांदा मागू लागली की त्याला तिथेच बसकण मारावीशी वाटते.

म्हणून नगरच्या एका शाळेला पियानो शिकवणारा माणूस हवाय असं कळल्यावर त्याने अर्ज ठोकून दिला. वाजवणं ऐकून मुख्याध्यापिका खूश झाल्या. मात्र जूनच्या आत पाश्चात्त्य संगीताची लेखी परीक्षा पास व्हा, म्हणाल्या. बसून करायची नोकरी! जैनुद्दीनला एवढंच ऐकू आलं.

शिकवायला भिंगारदिवे बाई भेटल्या. चर्चमध्ये पियानो वाजवता वाजवता केस पिकलेल्या आणि जिभेने तिखट. दर गुरुवारी तो एसटीने नगरला त्यांच्या घरी जाई. त्याचं दुखणं त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. हा गडी सगळी गाणी एकाच जागेवरून, पांढरी एकवरून, म्हणजे इंग्रजीतल्या सी मेजरमध्ये वाजवायचा; तिथे काळ्या पट्टीला हातच लावावा लागत नाही. गायकाने सूर चढा मागितला की कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं. बोटं तिथेच, सूर आपोआप वर. पियानोला असलं बटण नसतं, आणि कागदाला तर नसतंच नसतं.

"डी मेजरला दोन काळ्या पट्ट्या लागतात," बाई म्हणत. "तुम्ही पुन्हा पांढऱ्यांवरच!"

"बोटं ऐकत न्हाईत, बाई. लई वर्सांची खोड हाय."

"मग त्यांना दम द्या. मला काय सांगता?"

त्यात लग्नसराई ऐन भरात. दोन वरातींच्या मधे तो मांडवामागे पुस्तक उघडी आणि दुसऱ्या पानावर पेंगू लागे. त्याची बायको जरीना चिडवायची, "बसायची नोकरी पायजे म्हनता, आन बसलं की झोपताय." तो हसायचा. पण हसायचाही कंटाळा आला होता.

परीक्षा पुण्यात झाली. पेपर सोपा गेला, आणि तिथेच घात झाला. एका प्रश्नात सी मेजरमधली चाल डी मेजरमध्ये लिहायची होती. परतीच्या एसटीत जैनुद्दीन मोठ्या खुशीत ती चाल मांडीवर वाजवू लागला. शिरूर मागे पडलं आणि त्याची बोटं एकदम थांबली. सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या! वर ठळक अक्षरात डी मेजर लिहून खाली त्याने चाल होती तशीच उतरवली होती. मनातल्या मनात बटण दाबून गडी मोकळा झाला होता. त्याला स्वतःचाच इतका वीट आला की पुढचा सगळा रस्ता तो खिडकीला डोकं टेकून बसून राहिला.

तो थोडक्यात नापास झाला. शाळेने जागा दुसऱ्या कुणाला दिली. त्याला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. गुरुवारी तो बाईंचं पुस्तक परत द्यायला गेला.

"पुढच्या खेपेला बसा," बाई म्हणाल्या.

"कशापायी? जागा भरली. थकलो, बाई."

बाईंनी आग्रह केला नाही. त्या पुस्तक कपाटात ठेवायला उठल्या. जैनुद्दीन पियानोसमोर नुसता उभा राहिला. एवढी लग्नं वाजवली आणि आपण कुठल्या सुरावर उभे आहोत हे एकदाही आपल्याला ठाऊक नव्हतं, याचा त्याला नापास होण्यापेक्षा जास्त राग आला.

"ऱ्हाऊ द्या ते पुस्तक भाईरच," तो म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. "नोकरी तर गेली. ते डी मेजर तेवढं नीट दाखवा."