बुडालेल्यांचा भात

तारापूरला वीजकेंद्रासाठी सुरुंग उडत होते, तेव्हा मी शिलाहारांच्या आरमारावर कादंबरी लिहीत होतो. जवळच्याच माहीमचे एक तांडेल जाळं सांधता सांधता ती ऐकायचे. मी मोठ्या थाटात एखादा खलाशी बुडवला, की ते त्याचं नाव विचारायचे आणि वाळूत पानावर भात ठेवायचे. समुद्रात गेलेला उपाशी राहू नये, म्हणून.

एकदा मी हसून म्हणालो, "अहो तांडेल, हा मी रचलेला माणूस. खरंच कुणी बुडालेलं नाही."

तेवढ्यात कावळ्याने त्या पानावरचा घास उचलला.

जाळ्यावरची नजर न काढता तांडेल म्हणाले, "मंग जेवला कोन, मास्तर?"

पुढच्या प्रकरणात सबंध आरमार बुडवायचं होतं. मी राजाला तह करायला लावला.