सरकारी वकिलाची आई

माझी मुलगी सरकारी वकील आहे, हे मी पूर्वी कोणी न विचारताही सांगायचे. देसी दुकानात भेंडी निवडता निवडता शेजारच्या बाईला सांगायचे. शिकागोत केंद्र सरकारच्या वकिलांचं ऑफिस आहे, तिथे ती फौजदारी खटले चालवायची. ओळखीतल्या बाकीच्यांची मुलं डॉक्टर नाहीतर कॉम्प्युटरवाली, आमची एकटी ह्या वाटेला गेली, त्यामुळे माझी मान जरा जास्तच ताठ होती. गेल्या हिवाळ्यापासून कोणी मुलीबद्दल विचारलं तर मी विषय बदलते.

त्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी ती आणि जावई शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्याकडे आले. जावई नागपूरचे, आयटीत, वर्क व्हिसावर. मुलगी इथेच जन्मलेली, त्यामुळे इथली नागरिक, म्हणून तिच्यामार्फत त्यांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला. व्हिसाची मुदत संपत आली होती आणि ग्रीन कार्डाची मुलाखत तोंडावर होती. मी पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. मुलगी कोट न काढताच किचनमध्ये आली आणि म्हणाली, "आई, आय हॅव टू टेल समवन. पण सगळं नाही सांगू शकत."

सांगितलं तेवढं असं. एका माणसावरचा खटला मागे घ्या, असा हुकूम वॉशिंग्टनहून आला होता. पुरावा भक्कम होता, पण माणूस व्हाइट हाउसच्या मर्जीतला. तिच्या वरिष्ठांनी खटला मागे घेण्याच्या अर्जावर सही करायला नकार दिला आणि नोकरी सोडली. आता अर्ज तिच्यापुढे आला होता. सोमवारी सही, नाहीतर राजीनामा.

"पण असं सांगता येतं का त्यांना?" मी म्हटलं. "प्रेसिडेंटलासुद्धा कायदा असतो म्हणायचीस ना तू?"

"ही कॅन अपॉइंट पीपल, ही कॅन फायर पीपल, ही कॅन पार्डन पीपल," ती म्हणाली. "पण एकेका केसबद्दल व्हाइट हाउसने फोन नाही करायचा, हे सगळे पाळायचे, आई. दोन्ही पार्टीज."

"मग तसा कायदा दाखव ना त्यांना."

"कायदा नाहीये तो. मोस्टली पद्धत आहे. केस मागे घ्यायला जजची परमिशन लागते, तेवढं आहे."

पद्धत! हसावं की रडावं तेच मला कळेना. माहेरी गेले की मी ऐटीत सांगायचे, आमच्या अमेरिकेत वरून फोन येत नाहीत. तिकडे 'वरून फोन आला' एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. इथे तो येत नव्हता तो कोणी करत नव्हतं म्हणून, करता येत नव्हता म्हणून नव्हे. इतकी वर्षं ह्या देशात काढून मला हे ठाऊक नव्हतं.

"नाही केली सही तर?"

तिने बाहेरच्या सोफ्याकडे पाहिलं. आमचं किचन आणि बसायची खोली यांच्यामध्ये भिंत नाही. सोफ्यावर जावई माझ्या नवऱ्याबरोबर क्रिकेट बघत बसले होते. तिच्या मनात काय आलं ते मला लगेच कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. त्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज सरकारच्याच टेबलावर होता.

"दे कान्ट डू दॅट," तीच म्हणाली. "इट्स इल्लीगल."

"करता येत नाही म्हणजे करणार नाहीत, असं आहे का आता?"

तिने कोटाचं बटण काढलं आणि परत लावलं. मग मी म्हटलं, "सही करून टाक. देशाचं देश बघेल. तू तुझा संसार बघ." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला पोळी उलटायची सुचेना. तिने दुसरं काहीतरी ऐकायला एवढ्या बर्फातून गाडी हाणली होती. मला भयंकर राग आला होता. तिचा नव्हे, माझ्या तोंडून हे वदवून घेणाऱ्याचा. आणि त्याच्यापर्यंत माझा राग पोचणार कसा?

एवढ्यात नवरा पाणी घ्यायला आत आला. त्याला सांगितलं तर दबक्या आवाजात म्हणाला, "जावयांसमोर हा विषय नको हं. उगाच अवघडतील." मला ते अगदी पटलं. जावयाला आपल्या घरी कसलीही तोशीस पडू द्यायची नाही, अशीच मी वाढले. ज्याच्या भवितव्याचा प्रश्न, तोच माणूस आम्ही मान राखून वगळला. मुलीनेही मान डोलावली. एरवी आमच्या असल्या चालीरीतींवर ती तासभर भांडते.

जेवताना आम्ही रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोललो. मी जावयांच्या पोळीवर तूप वाढायला गेले, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"आई, तुम्ही लोक हळू बोलून राहिले होते, पण मला सगळं ऐकू आलं." मग मुलीकडे वळून म्हणाले, "मला भीती वाटते, खोटं नाही सांगत. पण माझ्यासाठी सही करणार असशील तर मला विचार तरी. तू सही केली अन् मला कार्ड मिळालं, तर ते कार्ड मी रोज खिशात घालून फिरू कसं?"

खरं सांगते, मला त्यांचा अभिमान वगैरे वाटला नाही. वाटलं, हा गृहस्थ हात जोडून 'सही कर' म्हणाला असता तर आम्ही सुटलो असतो. मुलीने त्यांचा हात धरला आणि सगळ्यांदेखत रडली.

सोमवारी तिने राजीनामा दिला. सही दुसऱ्या कोणीतरी केली. जजने भर कोर्टात खरमरीत प्रश्न विचारले, निकालात कडक शब्द लिहिले आणि शेवटी परवानगी दिली. ज्यांना खटला चालवायचाच नाही, त्यांच्याकडून जज तो चालवून घेणार कसा, असं मुलीने मला समजावलं. कायद्याने घातलेली मर्यादा तेवढीच होती, आणि ती तिथे संपली.

मुलाखतीला दोघं गेले. समोरची बाई सभ्य होती. तिने लग्नाचे फोटो बघितले, भेट कशी झाली ते विचारलं. मग मुलीची नोकरी विचारली, त्याआधीची विचारली, आणि बराच वेळ टाइप करत राहिली. निर्णय कळवू म्हणाली. अजून कळवलेला नाही. जावयांच्या कंपनीत आता, व्हिसाचं पुढे काय, अशी हलक्या आवाजात विचारणा सुरू झाली आहे.

"सरकारी काम आहे, वेळ लागतोच," असं नवरा म्हणतो. असेलही. त्या बाईने काही मनात धरलं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. नाही धरलं असं म्हणायलाही नाही. आमच्या ग्रीन कार्डालाही वर्षं लागली होती. तेव्हा आम्ही सरकारला यथेच्छ शिव्या द्यायचो, फोनवर, मोठमोठ्याने, आणि मग निवांत जेवायला बसायचो. आता मुलीचा फोन आला की आम्ही दोघी हवेबद्दल बोलतो.