गच्चीच्या पायऱ्या

काशीत बालाजी घाटावर मला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि माझी एखादी तरी गोष्ट ऐकली नाही असा कान नाही. नावाडी, चहावाला, देशाकडून श्राद्धाला आलेले यजमान, त्यांना घेऊन आलेला रिक्षावाला — कुणालाही विचारा. फक्त एक गोष्ट अजून कुणाच्या कानावर गेलेली नाही. म्हणजे — तीही मी शंभरदा सांगितली आहे, पण दुसरीच करून. खरी जी आहे ती बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही संध्याकाळी घाटावर येऊन बसत नाही, म्हणून असेल.

आधी घाटावरची ऐका. मसुरीच्या पुढे, धनौल्टीच्या वाटेवर एक हॉटेल आहे. आम्ही तिथे तीन दिवस राहिलो. थंडी अशी की लोट्यातलं गंगाजल गोठलं, ते मी सुपारीसारखं अडकित्त्याने कातरून आचमन केलं. माकडं अशी शिकलेली की दारावर टकटक करून आत येत. गच्चीवर जायला दीडशे पायऱ्या, आणि वर पोचलं की समोर एकवीस हिमशिखरं, ओळीने, पंगतीला बसल्यासारखी. आणि आमच्या वहिनीने खोलीत हीटर लावला तेव्हा हॉटेलचाच नव्हे, देहरादूनपर्यंतचा फ्यूज उडाला. मॅनेजर ओरडत आला, तर वहिनीने त्याला असा फैलावर घेतला की तो तिच्या पाया पडून गेला.

इथे लोक हसतात. दरवेळी हसतात. वहिनी पाया पडण्यासारखीच होती, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. वहिनी या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तिला मूल झालं नाही, मी झालो. माझी मुंज, माझं लग्न, माझ्या मुलाचं बारसं, सगळ्यात आईच्या जागी तीच. भाऊ गेल्यावरही घराची चूल तिच्याकडेच राहिली. आमच्याकडे यजमान उतरतात, जेवतात. त्यांच्या पानावर पडलेली प्रत्येक पुरणपोळी तिच्या हातची. मोठमोठी माणसं माझ्या पाया पडत, आणि ती आतून विचारी, "सदा, अरे, किती पानं?" सदा. सगळी गल्ली मला पंडितजी म्हणते. ती सदा म्हणायची.

चाळीस वर्षं ती रोज गंगेवर गेली. काशीबाहेर कुठे गेली नव्हती. एकदा घाटावर कपडे पिळता पिळता म्हणाली, "ही जिथून येते ना, तो बर्फ एकदा लांबून बघायचाय रे. लांबूनच. चढायचं नाही मला." एवढंच. माझ्याकडे तिने मागितलेली ही एकच गोष्ट. मग मी यजमानांना जसा शब्द देतो तसा तिलाही छातीवर हात ठेवून दिला. आणि खरंच नेलं की हो! तेवढं श्रेय मला — नाही, श्रेय राहू द्या.

अडचण एकच होती, वहिनीचं सोवळं. परक्या हातचं शिजलेलं ती खायची नाही. मी म्हटलं, हॉटेलवाले ओळखीचे आहेत, खोलीत चूल मांडायची परवानगी घेतली आहे. ओळख कसली? फोनवर खोली ठरवली होती. परवानगी कसली? बाजारातून तारांच्या वेटोळ्यांचा हीटर आणला आणि धोतरात गुंडाळून बॅगेत घातला. तिने तांदूळ, मूगडाळ, मेतकूट आणि गंगाजलाचा कॅन घेतला. गाडीत सगळ्या डब्याला सांगत होती, आमच्या सदाने तिथे माझी सगळी सोय केलीय.

पहिल्या दिवशी ढग. ती खोलीत खिचडी टाकत होती, मी खाली चहाला गेलो. शेजारच्या टेबलावर मराठी ऐकू आलं. भंडाऱ्याकडचं कुटुंब, तांदळाच्या गिरण्या, सहा माणसं. यजमान म्हटलं की माझी जीभ आपोआप सुटते. काशीचे पंडित म्हणताच त्यांनी हात जोडले. मग काय — आमचं घर म्हणजे थेट गंगेत उतरणारी हवेली झाली, दारात बांधलेली नाव झाली, स्वयंपाकघरात चार आचारी झाले. गिरणीवाल्यांनी विचारलं, एकटेच आलात? मी म्हटलं, छे हो, आमच्या घराण्यात बाहेरचं चालत नाही. प्रवासात एक स्वयंपाकीण बरोबर असतेच.

हे मी का म्हटलं? कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. 'वहिनी' हा शब्द काय जड होता? पण हवेलीतली वहिनी हीटरवर खिचडी कशी रटरटवील? गोष्टीत ती बसत नव्हती. गोष्ट मोडण्यापेक्षा मी वहिनी मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फ्यूज उडाला. देहरादूनचा नाही, आमच्या मजल्याचा. सगळ्यांचे गीझर गार. अंगाला साबण लावलेली माणसं टॉवेलात दारात उभी. मॅनेजर वासावर आमच्या खोलीशी आला, मागून गिरणीवाले आले. आत वहिनी, ओलेत्याने, हातात पळी. मॅनेजरने विचारलं, किसने लगाया? आणि मी तिच्याकडे हात केला. म्हटलं, ही आमची स्वयंपाकीण, अडाणी आहे, हिला दहादा बजावलं होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग पदर सारखा केला आणि मॅनेजरला हात जोडले. "गलती हमसे हुई, साहब."

पाया कोण कुणाच्या पडलं, ते आता तुम्हाला कळलं.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायला आवडलं. पण नाही — याची तर तिने मला माफीच दिली होती. त्याच दुपारी. हीटर जप्त झाला होता, ती भिजवलेले पोहे आणि केळी खात बसली होती. मी दारात घुटमळत होतो. म्हणाली, "ये रे आत. स्वयंपाकीण नाही तर कोण आहे मी? जन्म त्यातच गेला." आणि हसली. उपरोधाने नाही, खरोखर हसली. वर म्हणाली, "तुझ्या त्या लोकांपुढे मी येत नाही, तुला अवघड होईल. फक्त बर्फ दिसला की हाक मार. धावत येते."

आमची खोली मागच्या बाजूला होती. खिडकीतून स्वयंपाकघराची चिमणी आणि एक देवदार दिसे. बर्फ दिसायचा तो गच्चीवरूनच.

तिसऱ्या दिवशी आकाश उघडलं. निघायचा दिवस. मी चहाला गच्चीवर गेलो, तर सगळं हॉटेल कठड्याशी उभं. गिरणीवाल्यांनी मला मधे जागा करून दिली. पंडितजी, सांगा ना, यातलं केदार कोणतं? मला काय ठाऊक? मी बोट दाखवत गेलो, नावं देत गेलो, एकेका शिखरावर कुणी किती वर्षं तप केलं ते सांगत गेलो. त्यांची म्हातारी आई खुर्चीवर बसून डोळे पुसत होती. वहिनीच्याच वयाची असेल.

मला वहिनीची आठवण झाली नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवण होती. सतत होती. पण हाक मारली तर ती धावत येणार, आणि सगळ्यांसमोर म्हणणार, "सदा, कुठे रे?" आचारीण मालकाला सदा म्हणत नाही. एवढाच हिशेब माझ्या डोक्यात चालू होता, आणि तोंडाने मी ऋषी आणि तपश्चर्या सांगत होतो. गिरणीवाल्यांची सून म्हणाली, तुमच्या त्या बाईंना बोलवा ना, त्यांनाही बघू दे. मी म्हटलं, ती सोवळ्यात आहे.

मग ढग आले.

खाली गेलो. वहिनी लुगडं नेसून, बॅग बांधून, चपला घालून पलंगावर बसली होती. चपला घालून — हाक आली की वेळ जायला नको म्हणून. मला बघून उठलीच. "दिसला?"

"नाही गं," मी म्हटलं. "ढगच आहेत सगळे."

"असू दे," ती म्हणाली. "आपलं नशीब. तू तरी काय करणार?" आणि परतीच्या गाडीत माझे पाय थंडीने आखडले म्हणून तिने स्वतःची शाल माझ्यावर घातली.

इथवरही झाकून गेलं असतं. पण मला सांगायचं व्यसन. घरी येऊन आठ दिवसही झाले नव्हते. नागपूरचे यजमान उतरले होते, जेवणं झाली होती, ओसरीवर पानं लावत बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, पहाडात जाऊन आलात म्हणे? झालं. गंगाजल गोठलं, माकडांनी दार वाजवलं, मॅनेजर पाया पडला, आणि मग मी गच्चीवर चढलो. एकवीस शिखरं! सकाळचं ऊन पडलेलं, आधी गुलाबी, मग केशरी, मग असा लखलखाट की डोळे मिटावे! लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. मी स्वतःवर इतका खूश होतो की उंबऱ्याशी वाती वळत कोण बसलं आहे, हे विसरलो.

वहिनीचे हात थांबले होते. मांडीवर कापूस तसाच. माझ्या थापा तिच्याइतक्या कुणी ऐकल्या नव्हत्या; त्यातलं खोटं कुठे संपतं आणि खरं कुठे सुरू होतं, हे तिला आवाजावरून कळायचं. गुलाबी, मग केशरी — ते मला रचता आलं नसतं, हे तिला कळलं. तिने कापूस गोळा केला, उठली, आत गेली. थोड्या वेळाने दारात आली.

"पंडितजी, चहा ठेवू का?"

नागपूरकर कौतुकाने म्हणाले, काय आदर आहे घरात! मीही हसलो.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. रोज रांधलं, रोज वाढलं, मी आजारी पडलो तेव्हा माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. कशात कमी केलं नाही. फक्त सदा गेला. "पंडितजी, पान वाढलंय." "पंडितजी, यजमान आलेत." बायको म्हणाली, वय झालं तुमचं, आता मान द्यायला लागल्या. मुलगा चेष्टेत म्हणायचा, आजी बाबांना पंडितजी म्हणते, म्हणजे आता बाबा खरे पंडित झाले. मी एकदाही तिला म्हटलं नाही की, वहिनी, असं नको म्हणूस. म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, का?

आणि गोष्ट सांगायचं तरी थांबलो का? नाही. ती आत असताना सांगितली. उलट तिला वाघीण केली, मॅनेजरला आणखी रडवला. मला वाटायचं, याने काहीतरी भरून निघतंय. खरं तर तिच्या वाट्याचं जे माझ्याकडे होतं ते मी रोज परक्यांना वाटत होतो, आणि ते ऐकत ती पोळ्या लाटत होती.

गेल्या माघात ती गेली. दुपारची वेळ, मुलगा औषध आणायला गेला होता, खोलीत मी एकटाच. तिने ओठ हलवले. मी वाकलो. मला वाटलं — काय वाटलं ते राहू द्या.

"पंडितजी, पाणी."

मी चमच्याने पाजलं.

आता खरं लिहितो, एकदाच. शिखरं एकवीस नव्हती. तीन होती. डावीकडचं अर्धं ढगात होतं. ऊन आधी गुलाबी होतं, मग केशरी. बराच वेळ दिसत होती. माझा चहा संपला, दुसरा मागवला, तोही संपला.

आणि गच्चीला पायऱ्या दीडशे नव्हत्या. अठरा होत्या.